बाळंतिणीचं ताट: काय वाढलं आणि काय काढून घेतलं

कुणी बसमध्ये हेडफोन लावून ऐकत असाल, कुणी भांडी घासता घासता. आणि कुणी रात्री तीन वाजता बाळाला पाजत, एका हातात फोन धरून. त्या शेवटच्या मंडळींना आज स्पेशल हाय, कारण आजचा विषय तुमचाच आहे. बाळंतिणीचं खाणं.

(हे वाचत असाल तर एक सांगते: एपिसोड जसा बोलले तसाच उतरवलाय, थोडी साफसफाई करून. मधे कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या होत्या, त्या गाळल्यात.)

सुरुवात माझ्यापासून करते. माझी लेक आता दोन वर्षांची होईल. बाळंतपणाला मी माहेरी, साताऱ्याला गेले होते. हॉस्पिटलमधून घरी आले तर ओट्यावर स्टीलचे डबे ओळीने मांडलेले. एकात डिंकाचे लाडू, एकात आळिवाचे, एकात मेथीचे. खारीक-खोबऱ्याची पूड वेगळी. भाजलेल्या बाळंतशोपा एका बरणीत, जेवण झालं की चिमूटभर चावायच्या. सकाळी आळिवाची खीर, दुपारी बाजरीची भाकरी, शेपूची भाजी, भाजलेला लसूण आणि वर तुपाची धार. आई पहाटे पाचला उठून हे सगळं करायची. मला वाटलं, आयुष्यात इतके लाड कधी झाले नाहीत आणि पुढे होणारही नाहीत.

फक्त एक गडबड होती. पाणी.

एप्रिल महिना, वर पत्र्याचं छत. मी तांब्या उचलला की आजी लगेच, “बास, घोटभरच. पोट सुटतं. बाळाला सर्दी होते.” आजी म्हणजे आईची आई, वय ऐंशीच्या पुढे, सात बाळंतपणं स्वतःची आणि गावातली किती केली त्याचा हिशेबच नाही. तिच्यापुढे कोण बोलणार? दिवसाला दोन ग्लास, तेही कोमट. अंगावर पाजताना घशाला अशी कोरड पडायची की पाण्याची स्वप्नं पडायची. खरंच सांगते, एकदा स्वप्नात आमच्या शाळेतला नळ आला होता.

नवव्या दिवशी थंडी वाजून ताप आला. लघवीला आग, चार दिवस पोट साफ नाही, त्यात टाके. गेलो डॉक्टरीणबाईंकडे. त्यांनी तपासलं, युरीन इन्फेक्शन निघालं, औषधं लिहिली आणि मग विचारलं, “खाता काय?” आईने अभिमानाने सगळी यादी म्हणून दाखवली. त्या म्हणाल्या, “उत्तम. एकही लाडू बंद करू नका. आता सांगा, पाणी किती?” मी आईकडे बघितलं. आईने छताकडे.

त्या जे बोलल्या ते माझ्या डोक्यात बसलंय. “ताई, तुम्ही वाढलेलं सगळं बरोबर आहे. काढून घेतलेलं चुकलं.”

तेव्हापासून कुठल्याही देशातल्या बाळंतिणीच्या खाण्याबद्दल वाचलं की मी दोन याद्या करते. एक, ताटात काय वाढतात. दुसरी, ताटातून काय काढून घेतात. आज या दोन याद्या घेऊन आपण जरा आशियात फिरून येऊ.

पहिला मुक्काम सिंगापूर, कारण माझी एक मैत्रीण तिथे असते. नागपूरची, नवऱ्याच्या नोकरीमुळे गेलेली. तिची डिलिव्हरी झाली आणि शेजारच्या चिनी मावशी मातीचं मोठं भांडं घेऊन दारात उभ्या. आत डुकराचे पाय, आल्याचे हे एवढाले तुकडे, उकडलेली अंडी, आणि सगळं काळ्या गोड व्हिनेगरमध्ये तासन् तास शिजवलेलं. ही चीनच्या ग्वांगडोंग भागाची, म्हणजे कँटनी लोकांची पद्धत. बाळ झालं की घरात हे शिजतं आणि शेजारीपाजारी, नातेवाइकांकडेही वाटलं जातं. आपल्याकडे जसे पेढे किंवा बर्फी. शेजारणीच्या घरून कुणी हे करणार नाही हे कळल्यावर मावशींनीच करून आणलं. माझी मैत्रीण अंडी खाते, डुक्कर नाही. तिने अंडी आणि आलं खाल्लं, बाकी नवऱ्याला दिलं. “चव कशी?” मी विचारलं. म्हणाली, “चिंचगुळाच्या सारात कुणीतरी आल्याचा अख्खा बाजार ओतलाय असं समज.”

आता बघा, यात काय आहे? हाडं व्हिनेगरमध्ये शिजवली की आंबटपणामुळे त्यातलं थोडं कॅल्शियम रसात उतरतं. अंडी आणि मांसातून प्रथिनं. आपला डिंकाचा लाडू आणि हे भांडं दिसायला एकमेकांचे शत्रू, पण काम तेच.

चिनी भाषेत या काळाला ‘झ्वो युएझ’ म्हणतात. शब्दशः अर्थ, महिना बसणे. आपण सव्वा महिना म्हणतो, ते तीस दिवस धरतात. मलेशियातले मलाय लोक ‘पांतांग’ पाळतात, तो सहसा चव्वेचाळीस दिवसांचा. कोरियात सात दिवसांचे तीन आठवडे, म्हणजे एकवीस. आकडे वेगळे, पण मागची समजूत जवळजवळ सगळीकडे सारखी: बाळंतपणात अंगातली ऊब निघून जाते, शरीर ‘थंड’ पडतं, ती ऊब परत भरायची. आपल्या भाषेत वात वाढतो. म्हणून आपल्याकडे सुंठ, ओवा, लसूण. चीनमध्ये आलं. तैवानमध्ये तिळाच्या तेलात आलं परतून, तांदळाची दारू घालून केलेली कोंबडी. जावा बेटावर हळद आणि चिंचेचा जामू, म्हणजे त्यांचा काढा. थायलंड-लाओसकडे तर बाळंतिणीला चक्क विस्तवाशेजारी झोपवायची पद्धत आहे. आपली बाजेखालची शेगडी आठवली ना? (बंद खोलीत कोळशाची शेगडी नको, तो धूर आईला आणि बाळाला दोघांना घातक. एवढं सांगून पुढे जाते, तो वेगळा एपिसोड आहे.)

मला सगळ्यात भारी वाटलेली जोडी सांगू? उत्तर सुमात्रात बाटाक नावाचे लोक राहतात. त्यांच्याकडे बाळंतिणीला महिनाभर एका पाल्याचं सूप देतात, दूध यावं म्हणून. पाल्याचं नाव तोरबांगुन. मी फोटो शोधला आणि हसायलाच लागले. जाडसर, लवदार, कडेला दातरे असलेलं पान. अहो, हा आपला पानओवा! तुमच्या गॅलरीतल्या कुंडीत असेल बघा, पावसाळ्यात आपण त्याची भजी तळतो. तिकडे तो बाळंतिणीच्या मानाचा, इकडे चहाबरोबर.

आणि उलटही होतं. आपल्याकडे पपईचं नाव काढलं तरी सासवा दचकतात. व्हिएतनाममध्ये कच्ची पपई आणि डुकराचे पाय यांचं सूप ही दूध वाढावं म्हणून बाळंतिणीला द्यायची ठरलेली गोष्ट.

कोरियाकडे थोडा वेळ थांबते, कारण के-ड्रामा बघणाऱ्यांना हे माहीत असणार. वाढदिवसाच्या सकाळी नायिकेला आई सूप देते, हिरवट काळं, समुद्री शेवाळाचं. ते मियोक-गुक. मुळात ते बाळंतिणीचं सूप. बाळंतपणानंतर आई ते दिवसातून दोन-तीनदा पिते, कितीतरी दिवस. पुढे दरवर्षी वाढदिवसाला मुलाने ते प्यायचं, आपल्या जन्मासाठी आईने काय सोसलं ते आठवायला. मला हे फार आवडलं. आपण वाढदिवसाला केक कापतो, आईच्या त्या दिवसाची कुणाला आठवण नसते. जुन्या रीतीने पहिलं सूप आणि भात सामशिन या आजीबाई-देवतेपुढे ठेवतात, ती मुलं देते आणि राखते अशी श्रद्धा. आपल्या सटवाईची पाचवी-सहावी पुजतो ना, तसंच काहीसं. आणि गंमत म्हणजे परीक्षेच्या दिवशी हे सूप प्यायचं नाही, कारण शेवाळ निसरडं, मार्क घसरतात! दहीसाखर पार्टीने नोंद घ्यावी.

पण याच सूपात एक मेख आहे. समुद्री शेवाळात आयोडीन खूप असतं. आयोडीन हवंच, पण ते प्रमाणाबाहेर गेलं तर थायरॉइडचं काम बिघडतं, आणि ते दुधातून बाळापर्यंत पोचतं. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या अन्नसुरक्षा यंत्रणेने म्हणूनच गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांना सांगितलंय की तपकिरी शेवाळ आठवड्यातून एकदाच खा. म्हणजे पदार्थ वाईट नाही, दिवसाला तीन वाडगे महिनाभर हे जास्त. तैवानच्या कोंबडीतही दारू शिजवली म्हणून सगळी उडून जात नाही. आणि आपल्या कोकणातली मोरी! बाळंतिणीला दूध येतं म्हणून मोरीचं कालवण देतात. मोरी म्हणजे छोटा शार्क. शिकारी माशांच्या अंगात पारा साठत जातो, मासा जितका मोठा आणि म्हातारा तितका जास्त. त्यापेक्षा तारली, बांगडा घ्या. स्वस्त, छोटे आणि पौष्टिक. मालवणच्या माझ्या सासूबाई हे ऐकून माझ्याशी दोन दिवस बोलणार नाहीत, पण असू दे.

आता दुसरी यादी. काढून घेतलेलं. इथे जरा सीरियस होते.

लाओसच्या उत्तर भागात बाळंतिणीने बरंच काही वर्ज्य करायचं असतं. कडक पाळणाऱ्या घरांत कित्येक आठवडे मुख्य खाणं चिकट भात, मीठ, आल्याच्या जातीचं एक मूळ, फार तर थोडी कोंबडी. भाज्या, फळं, बरेचसे मासे बंद. भात पॉलिश केलेला, त्यामुळे कोंड्याबरोबर बी-वन जीवनसत्त्व निघून गेलेलं. आईच्या अंगात बी-वन नाही, तर दुधात कुठून येणार? बाळ गुटगुटीत दिसतं, आणि दोन-तीन महिन्यांचं झालं की अचानक दूध ओढत नाही. रडतं, तोंड उघडतं, पण आवाज निघत नाही. मग हृदय थकतं. याला बाळांचा बेरीबेरी म्हणतात. वेळेत ओळखलं तर बी-वनच्या इंजेक्शनने काही तासांत बाळ सुधारतं. नाही ओळखलं तर जातं. थायलंड-म्यानमार सीमेवरच्या कारेन निर्वासितांच्या छावण्यांमध्ये एके काळी तान्ह्या बाळांच्या मृत्यूचं हे मोठं कारण होतं.

तुम्ही म्हणाल, ते लांबचं. नाही हो. काश्मीरमधल्या डॉक्टरांनीही गेल्या दहा-पंधरा वर्षांत अशी बाळं पाहिली आणि त्यावर लिहिलं. फक्त आईच्या दुधावरची तान्ही बाळं अत्यवस्थ होऊन येतात, आणि बी-वन दिलं की सावरतात. मागे तेच. पॉलिश केलेला तांदूळ आणि बाळंतिणीच्या ताटातून रीत म्हणून काढून घेतलेले पदार्थ.

त्या सगळ्या घरांमध्ये कुणीही वाईट वागत नव्हतं. आजी, सासू, आई, सगळ्या बाळाचं भलंच बघत होत्या. हेच मला चटका लावून जातं.

आपलं नशीब एका बाबतीत बरं. बाजरी, मूग, तीळ, लसूण, शेपू, शेवग्याचा पाला असलेलं आपलं जुनं ताट तसं भरलेलं. तूरडाळ वातूळ म्हणून बंद केली तरी मुगाचं वरण चालतं, म्हणजे डाळीच्या जागी डाळ मिळते. गोव्यात मेथी-तांदळाची गूळ-नारळ घातलेली पेज देतात, पोटाला हलकी आणि पोषण भरपूर. घोळ तिथे होतो, जिथे बदली काही न देता नुसतं बंद करतात. फळं थंड म्हणून बंद, पालेभाज्या बाळाला बाधतात म्हणून बंद, दही बंद, पाणी बंद. मग उरतं काय? तूप, साखर, भात. ‘राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी’च्या 2019-21 च्या फेरीत देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के बायकांना ॲनिमिया होता. म्हणजे बाळंतपणात रक्त जाण्याआधीच टाकी अर्धी रिकामी. अशा बाईच्या ताटातून काही उचलताना हात थरथरायला हवा. उलट, अंगावर पाजणाऱ्या बाईला पहिल्या सहा महिन्यांत रोज साधारण 600 कॅलरी जास्तीच्या लागतात असं आपलीच राष्ट्रीय पोषण संस्था सांगते.

एक प्रश्न मेसेजमध्ये सारखा येतो, म्हणून घेते. “या सगळ्याने दूध खरंच वाढतं का?” 2020 मध्ये कोक्रेनच्या अभ्यासकांनी जगभरातले 41 प्रयोग एकत्र करून तपासले. त्यात मेथी, बडीशेप, शतावरी, शेवगा, खजूर, आलं, केळफूल होतंच, तो सुमात्राचा पानओवा होता आणि डुकराचे पायसुद्धा होते. निष्कर्ष असा की काहींनी फायदा होत असेल, पण पुरावा इतका कच्चा की खात्रीने सांगता येत नाही. दूध मुख्यतः वाढतं ते बाळाने वारंवार ओढल्याने. त्यामुळे मैत्रिणीला दूध कमी येत असेल तर “तू आळीव खात नसशील” असं कृपा करून म्हणू नका. बाळ नीट लागतंय का ते कुणी जाणकाराला दाखवा. आणि मेथीच्या गोळ्या ऑनलाइन मागवून ढिगाने खाऊ नका, विशेषतः शुगरची किंवा रक्त पातळ करायची औषधं चालू असतील तर. लाडवातली मेथी वेगळी, बाटलीतली वेगळी.

मग हे सगळं कशासाठी करायचं? माझं मत सांगते. आळीव चांगलाच, त्यात लोह आहे. डिंक, खारीक, तीळ सगळं चांगलं. पण त्या डब्यांमध्ये मला जे मिळालं ते मुख्यतः हे, की सव्वा महिना मी चुलीकडे फिरकले नाही. कुणीतरी गरम ताट आणून देत होतं. सिंगापुरात यासाठी कन्फाइनमेंट नॅनी ठेवतात, बऱ्याचशा मलेशियातून येतात, सरकार त्यांना खास थोड्या आठवड्यांचं परमिट देतं. कोरियात तर यासाठी खास सेंटर्स आहेत, आई आणि बाळ साधारण दोन आठवडे तिथेच राहतात. तिथल्या सरकारी पाहणीत दहातल्या आठ आयांनी अशा सेंटरमध्ये राहिल्याचं सांगितलं. खर्च ऐकाल तर घाम फुटेल. सूप तेच आहे, फक्त ते रांधणारी आजी आता घरात नाही, म्हणून विकत घ्यावी लागते.

आणि जिला विकत घेता येत नाही तिचं काय? बीडकडच्या ऊसतोड बायका फडाजवळच्या कोपीत बाळंत होतात आणि थोड्याच दिवसांत डोक्यावर मोळी घेतात. तिथे कुठला डिंक आणि कुठला सव्वा महिना.

इतकं लांब कशाला, माझ्याच घरातलं सांगते. हे मला त्या तापाच्या रात्री कळलं. आई उशाशी बसली होती, मी म्हटलं, “आई, एवढे लाडू कशाला केलेस गं? अर्धे वाया जातील.” ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “ताईच्या वेळी मला सासूबाईंनी दोन किलोचे केले होते. तुझ्या वेळी मुलगी झाली म्हणून कळलं आणि डिंक परत डब्यात गेला. बाराव्या दिवशी मी चुलीपुढे होते. दादाच्या वेळी परत केले, चार किलोचे.”

म्हणजे ते डिंकाचे लाडू 1994 सालचे होते मंडळी. माझ्या जन्माचे. तीस वर्षांनी वळले गेले.

मला तिच्यावर चिडता आलं नाही, पाण्यावरूनही नाही. तिच्या आईने तिला जे सांगितलं, तेच तिने मला केलं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी तिने स्वतः माठ उचलून माझ्या पलंगाशेजारी आणून ठेवला. आजी दारातून बघत होती. आजी म्हणाली, “आता पोट सुटलं तर माझ्याकडे येऊ नका.” आणि मग, खरं सांगते, स्वतःच माठात वाळा टाकून गेली.

आता माझी भावजय, म्हणजे दादाची बायको, दिवाळीच्या सुमारास बाळंत होणार आहे. दुसरं बाळंतपण, त्यामुळे आमच्याकडेच. पहिली मुलगी आहे तिला, आणि बिल्डिंगमधल्या दोन-तीन काकूंनी “या वेळी काय होतंय बघू” सुरू केलंय. आईने परवाच फॅमिली ग्रुपवर सामानाची यादी टाकली. वाचून दाखवते, फोनमध्ये आहे.

“डिंक एक किलो. आळीव अर्धा किलो. खारीक दोन किलो, बिया काढलेली नको, बियांचा बंद वाटतो. गोडंबी पाव. सुंठ. बाळंतशोपा. गूळ चिकीचा नको, साधा. तूप मी कढवते. पाण्याचा तांब्या मोठा घ्या, दोन लिटरचा, तिच्या हाताशी राहील असा. डिंक आत्ताच आणा. काय होतंय त्याची वाट बघायची नाही.”

खाली दादाने अंगठा दाखवलाय, आणि आजीने, आजीला कुणी व्हॉट्सॲप शिकवलं देव जाणे, चुकून की मुद्दाम, पाण्याच्या थेंबाचा इमोजी.

तुमच्या घरची बाळंतिणीची यादी, दोन्ही याद्या, मला व्हॉइस नोट करून पाठवा. पुढच्या एपिसोडमध्ये त्यातल्या काही ऐकवीन. चला, कुकर उतरवते. भेटू.